भावाला अटॅक आला, बहिणीचं लग्न ठरलंय. आत्याला सांगू का?

ठाण्यात चरईत राहणाऱ्या ३६ वर्षांच्या एका ताईंचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील वगळून त्यांचा पेच थोडक्यात सांगते.

त्यांच्या थोरल्या भावाला, वय ४१, गेल्या मार्चमध्ये हार्ट अटॅक आला. अंगाने सडपातळ, शाकाहारी, दारू-तंबाखूच्या वाऱ्यालाही न उभा राहणारा माणूस. रोज सकाळी उपवन तलावाला फेऱ्या आणि रविवारी येऊरची चढण. रात्री छातीत जळजळलं तेव्हा अॅसिडिटी समजून त्याने गोळी घेतली, पहाटे घामाने अंथरूण भिजलं तेव्हा घरच्यांनी हॉस्पिटल गाठलं. अँजिओप्लास्टी झाली, आता तो बरा आहे. त्याचं एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, २१८ निघालं. वडीलही ४६ व्या वर्षी झोपेतच गेले होते. डॉक्टरांनी सख्ख्या भावंडांची तपासणी करायला सांगितली. ताईंनी केली: एकूण कोलेस्टेरॉल २८६, एलडीएल २०४, एचडीएल, म्हणजे ज्याला चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते, ५८, आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी एक चरबी, १२०. काही त्रास नाही म्हणून त्यांनी औषध सुरू केलेलं नाही. त्यांना ९ वर्षांची मुलगी आहे.

धाकटी बहीण २८ वर्षांची. तिची तपासणी आईने होऊ दिली नाही, कारण तिचं लग्न ठरलंय. सुपारी फुटली आहे, मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतरचा. मुलगा नात्यातलाच आहे, कोपरखैरण्याच्या आत्याचा, ऐरोलीत नोकरीला. ‘लग्न होईपर्यंत कुठे वाच्यता नको. घराण्यावर एकदा शिक्का बसला की तो पुसला जात नाही,’ असं आईचं म्हणणं. ताई विचारतात, ‘जे रक्तातच आहे त्याला गोळी काय करणार? माझं एचडीएल चांगलं आहे, रेशो नॉर्मलमध्ये आहे, मग मला खरंच धोका आहे का? आणि आईचं ऐकून गप्प बसू, की आत्याला सांगून बहिणीच्या लग्नात बिब्बा घालू?’

ताई, तुम्ही स्वतःचा प्रश्न मधे कुठेतरी दडपून लिहिला आहे आणि बहिणीचा शेवटी ठळक. मी आधी तुमचाच घेते, कारण तो तातडीचा आहे.

२०४ हा आकडा ‘जरा जास्त’ नाही. एलडीएल १९० च्या वर असेल आणि घरात कमी वयात हृदयविकार असेल, तर कुठलाही डॉक्टर पहिली शंका जन्मजात कोलेस्टेरॉलची घेतो. वैद्यकात त्याला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात, बोलताना नुसतं एफएच. कमी वय म्हणजे पुरुषांत ५५ च्या आत आणि बायकांत ६५ च्या आत. तुमच्या घरात ४६ आणि ४१ आहेत. याच आठवड्यात डॉक्टरची वेळ घ्या. जाताना रिपोर्टसोबत थायरॉइडची टीएसएच तपासणी करून न्या, कारण थायरॉइड मंदावलेलं असलं तरी एलडीएल चढतं आणि बायकांमध्ये ते वारंवार दिसतं. तुमच्या घरचा इतिहास पाहता थायरॉइड एकटं दोषी निघेल असं मला वाटत नाही, पण ते बाजूला काढलेलं बरं.

आता तो रेशो. रिपोर्टच्या तळाशी एकूण कोलेस्टेरॉल भागिले एचडीएल अशी एक ओळ असते. तुमचं २८६ भागिले ५८ म्हणजे ४.९. बऱ्याच लॅब ५ पर्यंत नॉर्मल छापतात, म्हणून त्या ओळीपुढे तारा नाही की ठळक अक्षर नाही. तुमच्यासारख्या कितीतरी जणांचा जीव त्या एका ओळीने भांड्यात पडतो, आणि मला त्याचीच काळजी वाटते. एचडीएल ‘चांगलं’ असतं, ते जास्त असलं की एलडीएलचा दोष झाकला जातो, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे. जनुकांच्या अभ्यासानेच ती हलवली. काही माणसांत जनुकाच्या एका रूपामुळे एचडीएल जन्मभर जास्त राहतं. एचडीएल खरोखर रक्षण करत असतं, तर या माणसांना अटॅक कमी यायला हवे होते. २०१२ साली हजारो लोकांची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांना तसा काहीच फायदा दिसला नाही. त्याआधी, २००६ मध्ये, एचडीएल भरपूर वाढवणाऱ्या एका औषधाची चाचणी मधेच थांबवावी लागली होती, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले. तेव्हा तुमचे ५८ असू द्यात, छान आहेत. पण २०४ मधून ते वजा करू नका.

एलडीएलच्या बाबतीत जनुकांनी बरोबर उलट साक्ष दिली आहे. ती ऐकलीत तर ‘रक्तातच आहे त्याला गोळी काय करणार’ या प्रश्नाचं उत्तर तुम्हालाच सापडेल.

यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडून आत ओढणारे रिसेप्टर असतात. त्यांना रोज येणाऱ्या घंटागाड्या समजा. रिसेप्टर बनवणाऱ्या जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एफएच असलेल्या माणसाची त्यातली एक प्रत सदोष असते, म्हणजे निम्म्या घंटागाड्या कधी निघतच नाहीत. कचरा कुणी जास्त केला म्हणून नव्हे, उचलला जात नाही म्हणून साठतो. तुमच्या दादाच्या ताटात किंवा त्याच्या धावण्यात काही चुकलं नव्हतं. जन्मल्या दिवसापासून त्याच्या धमन्यांनी दुप्पट एलडीएल सोसलं, आणि चाळिशीत त्याचा हिशेब झाला. हे रिसेप्टर मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी शोधले, अशाच घरांतल्या आजारी मुलांच्या पेशी तपासता तपासता. १९८५ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं.

आणि कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी नेमकी इथेच काम करते. यकृताला स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवायला ती अडवते, मग यकृताला ते रक्तातून घेणं भाग पडतं आणि त्यासाठी ते जास्त रिसेप्टर बनवतं. तुमची एक प्रत चांगली आहे ना, तिलाच ती जास्त कामाला लावते. म्हणजे दोष जन्मजात असला तरी इलाज त्या दोषाच्या मुळाशी जातो.

२००३ मध्ये फ्रान्समधल्या काही कुटुंबांत पीसीएसके९ नावाचं जनुक सापडलं. ते जास्त सक्रिय असलं की रिसेप्टर लवकर मोडीत निघतात आणि एलडीएल चढतं. मग अमेरिकेत डॅलसच्या शास्त्रज्ञांनी उलटा प्रश्न विचारला: हे जनुक जन्मतःच बंद पडलेली माणसं असतील तर? ती सापडली. २००६ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कृष्णवर्णीय अमेरिकनांपैकी ज्यांच्यात या जनुकाची एक प्रत बंद होती त्यांचं एलडीएल सरासरी २८ टक्के कमी होतं आणि हृदयविकाराचं प्रमाण ८८ टक्के कमी. एलडीएल २८ टक्के आणि धोका ८८ टक्के, हे गणित नीट पाहा. जन्मापासून थोडं कमी असणं हे म्हातारपणी खूप कमी करण्यापेक्षा कितीतरी मोठं काम करतं. त्याच शोधात एक तरुणी सापडली, तिच्या दोन्ही प्रती बंद, एलडीएल फक्त १४, आणि बाई धडधाकट. हे जनुक अडवणारी इंजेक्शनं आज बाजारात आहेत. गोळ्यांनी भागलं नाही तर तुमच्या दादालाही त्यांची गरज लागू शकेल.

गोळी आयुष्यभर घ्यावी लागेल, हे खरं आहे. तुमचं एलडीएल आयुष्यभर चढं राहणार आहे, त्यामुळे दुसरं काही संभवत नाही. सामान्यतः तुमच्यासारख्यांना डॉक्टर ते किमान निम्म्यावर आणि पुढे ७० च्या खाली आणायला बघतात. त्याला कधी स्टॅटिनसोबत एझेटिमाइब नावाची दुसरी गोळी जोडावी लागते. दादाला अटॅक येऊन गेलाय, त्याचं लक्ष्य आणखी खाली, ५५ च्या आत. अंग दुखेल ही भीती तुमच्याही मनात असेल, कारण सोसायटीत कुणीतरी सांगितलेलं असतंच. २०२० मध्ये ब्रिटनमध्ये, त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या रुग्णांना काही महिने खरी गोळी, काही महिने औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी दिली गेली. त्यांना जाणवलेल्या त्रासापैकी सुमारे ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीवरही होत होता. काहींना खरा त्रास होतो, नाही असं नाही. तेव्हा डोस किंवा औषध बदलता येतं. गोळी मनाने बंद करू नका, एवढं मात्र पाळा. आणि पुन्हा दिवस राहण्याचा विचार असेल तर तो डॉक्टरांना आधी सांगा, कारण स्टॅटिन साधारणपणे त्याआधी थांबवतात.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही. वनस्पती तुपातली खारी-नानखटाई, पामतेलातलं तळण, ताटभर साजूक तूप कमी करा, कडधान्यं, ओट्स, भाज्या वाढवा. त्याने एलडीएल फार तर १०-१५ टक्के उतरेल. २०४ चं १७५ होईल, ७० होणार नाही. पण दादाला सांगा, त्याचं धावणं वाया गेलेलं नाही. ५५ हजारांहून अधिक लोकांच्या एका अभ्यासात, २०१६ साली, असं दिसलं की जनुकीय धोका जास्त असलेल्यांतही जे धूम्रपान टाळत, व्यायाम करत, वजन आणि आहार सांभाळत, त्यांचा हृदयविकाराचा धोका तसं न करणाऱ्यांपेक्षा जवळपास निम्मा होता. येऊरची चढण त्याने डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करावी.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या पत्रातली एक ओळ तुम्ही सहज लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच अडले. नवरा मुलगा आत्याचा आहे.

आईला आणि तुम्हाला वाटतंय की प्रश्न ‘आपल्या घरातला दोष दुसऱ्यांना कळू द्यायचा का’ असा आहे. पण दुसरे कोण? हा दोष वडिलांकडून आला असेल, आणि सगळी चिन्हं तिकडेच बोट दाखवतात, तर तो आत्याच्या माहेरचाच आहे. सख्ख्या बहिणीकडे तो असण्याची शक्यता निम्मी. आत्याकडे असेल तर तिच्या मुलाकडे असण्याची पुन्हा निम्मी, म्हणजे नवऱ्या मुलाकडे पाव. तुमच्या धाकटीकडे निम्मी. दोघांकडेही असण्याची शक्यता आठात एक. आणि दोघांकडेही असेल, तर होणाऱ्या प्रत्येक मुलाला दोन्ही सदोष प्रती मिळण्याची शक्यता चारात एक.

दोन्ही प्रती सदोष असलेलं मूल म्हणजे तुमचा-दादाचा आजार दुप्पट एवढंच नव्हे. एलडीएल ४००-५०० च्या वर, लहानपणीच कोपर-गुडघ्यांवर पिवळसर गाठी, आणि उपचार झाले नाहीत तर शाळेच्या वयात किंवा विशीच्या आत हृदयविकार. नेहमीच्या गोळ्या त्याला फारशा लागू पडत नाहीत, कारण ज्या रिसेप्टरना त्या कामाला लावतात तेच नसतात. एरवी हा प्रकार साधारण तीन लाखांत एखाद्याला होतो. तुमच्या बहिणीच्या बाबतीत, आज काहीच तपासलेलं नसताना, वरचा हिशेब ३२ त एक असा येतो. जवळच्या नात्यात लग्नं होतात तिथे हे सापडतं, हे १९६० च्या दशकातच लेबनॉनमध्ये डॉ. खाचादुरियन यांनी तिथल्या कुटुंबांचा अभ्यास करून दाखवलं होतं. आपल्याकडे देशावर मामेबहीण करण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या आहे. मी त्या रीतीला नावं ठेवत नाही. पण असा आजार घरात आहे हे माहीत असताना तपासणीविना ती पाळणं, हे मात्र मला मान्य नाही.

घाबरू नका, कारण ही गाठ साध्या लिपिड प्रोफाइलने, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या रक्ततपासणीने, जवळजवळ सुटते. क्रम मी असा धरेन.

सर्वांत आधी आईंची तपासणी. हे तुम्हाला विचित्र वाटेल, पण वडील आज नाहीत आणि त्यांचं एलडीएल कधी मोजलेलं नाही. आईंचं नॉर्मल आलं, तर दोष वडिलांकडचा हे पक्कं धरायला हरकत नाही. आईंचंच चढं निघालं, तर आत्याकडच्या सोयरिकीचा हा प्रश्न बराचसा गळून पडतो आणि मामा-मावश्यांना कळवायचं काम उभं राहतं. शिवाय आईंवर उपचार सुरू होतात. आईंना विचारा, बाबांच्या पापण्यांच्या कोपऱ्यात पिवळसर चट्टे होते का? जुने फोटो काढून बघा. दादाची टाच तर आजच बघता येईल. त्याला स्टुलावर बसवून पाय लोंबते सोडायला सांगा आणि टाचेच्या वरची दोरीसारखी जाड शीर (अकिलीज टेंडन) अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून वरून खाली बोटं न्या. मग तुलनेसाठी तुमच्या नवऱ्याच्या टाचेवर तेच करा. एफएचमध्ये ती बऱ्याचदा जाड, गाठाळ लागते. हाताची मूठ वळली की बोटांच्या पेरांवरही गाठी दिसतात. काहीच लागलं नाही तरी आजार नाही असं म्हणता येत नाही, पण लागलं तर डॉक्टरांना आवर्जून दाखवा.

दुसरी तुमची धाकटी. तिला यातलं काही माहीत नाही, असं पत्रावरून दिसतं. ती २८ वर्षांची आहे. तिच्या रक्तात काय आहे हे आईने, तुम्ही आणि आता या सदराच्या लेखिकेने आपसात ठरवावं आणि तिला मुहूर्तानंतर कळावं, हे मला मुळीच पटत नाही. दादा हॉस्पिटलमध्ये असताना तिनेही रात्री काढल्या असतील. तिला बाजूला घेऊन सगळं सांगा. उपाशीपोटी जायचीही गरज सहसा नसते. ऑफिसला जाता जाता रक्त देता येईल. तिचं एलडीएल नॉर्मल आलं, तर मुलांच्या दुहेरी दोषाची भीती जवळपास संपली, लग्नाच्या बाबतीत तुम्ही सुटलात. तरीही आत्याला सांगायचं राहतंच, कारण आत्या आणि तिची मुलं स्वतःच धोक्यात असू शकतात.

आत्याला सांगणं म्हणजे बिब्बा घालणं, असं तुम्ही लिहिलंत. मी ते उलटीकडून पाहते. आत्या साठीच्या आसपास असेल. तिचा भाऊ ४६ व्या वर्षी गेला, भाचा ४१ व्या वर्षी मरणाच्या दारातून परतला. तिचं स्वतःचं रक्त कुणी तपासलंय का? तुम्ही तिच्याकडे लग्नाची अट घेऊन जात नाही आहात, तिच्या जिवाची चौकशी करायला जाताय. फोनवर सांगू नका. ठाण्याहून कोपरखैरणे लोकलने अर्धा तासही नाही. दुपारी घरात गडबड नसताना जा, दादाला सोबत न्या. वाक्यं जुळत नसतील तर अशी काहीतरी: ‘आत्या, दादाचं झालं ते बाबांकडून आलंय असं डॉक्टर म्हणतात. बाबांचं रक्त तेच तुझं. मला तुझी काळजी वाटते. उद्या सकाळी तुझी आणि मुलांची एक साधी तपासणी करून घेऊ, मी येते बरोबर.’ यात मुलीकडचे आणि मुलाकडचे असे दोन पक्ष नाहीत. ती तुमच्या बहिणीत दोष काढायला गेली, तर तो तिच्याच बापाच्या घरचा आहे, हे तिला तुम्हाला सांगावंही लागणार नाही.

नवऱ्या मुलाला मात्र तुमच्या बहिणीनेच सांगावं, आत्याला कळायच्या आधी किंवा त्याच दिवशी. साखरपुडा झालेली दोन माणसं आहेत ती, भेटतात, फिरतात, संसाराच्या गोष्टी करतात. ही त्यांच्याच संसाराची गोष्ट आहे. दोघांची तपासणी झाली आणि दोघांचंही एलडीएल चढं निघालं तरी लग्न मोडलंच पाहिजे असं मी म्हणणार नाही. त्यांनी जेनेटिक सल्लागाराकडे जावं. तिथे दादाची जनुक-चाचणी करून नेमका दोष सापडला, तर तो या दोघांत आहे का हे थेट बघता येतं, आणि पुढे गर्भारपणात बाळाचंही कळू शकतं. (दादाच्या चाचणीत काही सापडलं नाही तरी आजार नाही असा अर्थ लावू नका, सगळे दोष अजून या चाचण्यांत दिसत नाहीत.) मूल कधी, कसं, हा निर्णय त्यांचा. निदान डोळे उघडे ठेवून तो घेता येईल.

लग्न मोडू शकतं का? शकतं. मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. आत्याच्या घरातलं कुणीतरी घाबरेल, कुणीतरी टोमणा मारेल. पण गप्प बसण्याचीही किंमत मोजून बघा. दोन वर्षांनी बाळाच्या कोपरावर गाठ दिसली, किंवा आत्याच्या मुलालाच चाळिशीत दादासारखं झालं, आणि तेव्हा कळलं की तुमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं? सासर आणि माहेर एकाच रक्ताचं असताना ती फट कशी बुजवणार?

आईंवर रागावू नका. तुम्ही १४ वर्षांच्या असताना त्यांनी नवरा गमावला आणि तीन मुलं वाढवली. धाकटीचं लग्न ही त्यांची शेवटची जबाबदारी आहे आणि ती जमत आली आहे. शिक्क्याची भीती त्यांनी कुठून तरी हवेतून आणलेली नाही, विधवा बाईच्या मुलींना लोक काय काय विचारतात हे त्यांनी भोगलं असणार. फक्त त्यांना एक गोष्ट कुणी सांगितलेली नाही: बाबा गेले तेव्हा हा आजार घरात आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि आज माहीत आहे. दादाच्या पुढच्या तपासणीला त्यांना डॉक्टरांच्या खोलीत आत घेऊन जा. मुलीपेक्षा डॉक्टरांचं म्हणणं त्या शांतपणे ऐकतील, आणि स्वतःची तपासणी करायला तयार झाल्या की अर्धं काम झालं.

तुमच्या मुलीबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत. तिची तपासणी आताच करा. तुम्हाला एफएच असेल तर तिच्याकडे तो असण्याची शक्यता निम्मी आहे, आणि ९ वर्षं हे त्यासाठी अगदी योग्य वय आहे. दादाच्या मुलांचीही. ‘एवढ्याशा पोरीला गोळ्या?’ असं आई म्हणतील, म्हणून हे सांगते. नेदरलँड्समध्ये एफएच असलेल्या २१४ मुलांना लहानपणीच स्टॅटिन सुरू केलं आणि वीस वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. ३९ व्या वर्षापर्यंत त्यांच्यातल्या १ टक्क्याला हृदयविकाराची किंवा तशी घटना घडली होती. त्यांच्या आजारी आई-वडिलांमध्ये त्याच वयापर्यंत हे प्रमाण २६ टक्के होतं. तोच आजार, तीच घरं, एका पिढीचं अंतर. मुलीचं एलडीएल चढं निघालं तर बालरोगतज्ज्ञ आणि लिपिडची जाण असलेल्या डॉक्टरांना एकत्र विचारा, गोळी कधी सुरू करायची ते ते ठरवतील.

रक्त द्यायला जालच, तर सगळ्यांनी एक वेगळी तपासणी सोबत सांगा: लायपोप्रोटीन ए. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ती नसते, मागावी लागते. हाही एलडीएलसारखाच कण, पण त्याला एक जादा प्रथिन चिकटलेलं असतं, आणि त्याची पातळी बहुतांशी जनुकांवर ठरते. खाण्यापिण्याने ती फारशी हलत नाही. जगात साधारण पाचातल्या एकाची ती धोक्याच्या पातळीवर असते, आणि दक्षिण आशियाई लोकांत गोऱ्यांपेक्षा ती जास्त आढळते. स्टॅटिनने ती कमी होत नाही. मग मोजायची कशाला? ती चढी असेल तर एलडीएल आणखी खाली ठेवायचं, बीपी-साखरेत सूट घ्यायची नाही, हे डॉक्टरांना कळतं. एलडीएल नॉर्मल असूनही कमी वयात अटॅक आलेल्या घरांतल्या वाचकांनी तर ही तपासणी आवर्जून करावी. प्रौढपणी एकदा केली की सहसा पुन्हा लागत नाही.

वडिलांना भाऊ असतील, गावाकडे चुलतभावंडं असतील, तर त्यांनाही कळवायला हवं. बोलणं बंद असलं तरी. फोन उचलणार नसतील तर मेसेज पाठवा, साधा, आरोप-खुलासे नसलेला: ‘दादाला ४१ व्या वर्षी अटॅक आला, आता बरा आहे. कारण जन्मजात कोलेस्टेरॉल आहे, बहुधा बाबांकडून आलेलं. ते तुमच्यापैकी कुणाकडेही असू शकतं, अंगाने बारीक असलं आणि काही त्रास नसला तरी. सर्वांनी, मुलांसकट, लिपिड प्रोफाइल आणि लायपोप्रोटीन ए करून घ्या. एलडीएल १९० च्या वर, मुलांत १६० च्या वर आलं, तर हा मेसेज डॉक्टरांना दाखवा.’

दादाचा रिपोर्ट त्याला जोडला तर डॉक्टरांचं काम सोपं होईल. पण रिपोर्ट त्याचा आहे, पाठवण्याआधी त्याला विचारा.